उभयपक्षी स्वखुशीने

संपादकांनी कथा मागितली होती. ती पुढल्या खेपेला देईन. या वर्षी मला भांडायचे आहे, आणि भांडणाची सुरुवात स्वतःपासून करावी लागते आहे, एवढे वाचकांनी आधीच समजून घ्यावे.

गेल्या वर्षी श्रावणात आमचे धाकटे भाऊजी जेवायला आले. गावात पार्सले पोचवण्याचा त्यांचा धंदा आहे. हाताखाली 14 मुले, ज्याची त्याची फटफटी. पुरणपोळीवर हात धुतल्यावर ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही एवढ्या कादंबऱ्या लिहिता, मला दोन पानांचा करारनामा लिहून द्या ना. वकिलाची भाषा आमच्या पोरांना कळत नाही." मजकूर त्यांनी चिठोऱ्यावर आणलाच होता. मुलगा हा नोकर नसून 'स्वतंत्र व्यावसायिक' आहे. त्याला रजा नाही, फंड नाही, बोनस नाही. अपघात झाल्यास ज्याची जबाबदारी त्याच्यावर. हे पहिल्या बाजूला. चिठोरे उलटले की दुसरी बाजू: सकाळी 8 ला हजर, दुकानाचा सदरा अंगात, दुसऱ्या कुणाचे पार्सल नेता कामा नये, उशिराला 50 रुपये दंड आणि न सांगता खाडा केल्यास 200.

मी लिहून दिले. नुसते लिहून दिले नाही, नटवून दिले. 'हा करार उभयपक्षी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय' हे वाक्य माझे. ते मला फार आवडले होते. दोन बाजू एकमेकींना खोटे पाडतात, हे कादंबरीकार म्हणवणाऱ्या बाईच्या ध्यानात आले नाही. आठाच्या ठोक्याला हजर राहणारा, मालकाचा सदरा घालणारा, खाड्याचा दंड भरणारा 'स्वतंत्र' गृहस्थ मी कादंबरीत घातला असता, तर वाचकांनी पुस्तक तोंडावर फेकले असते.

या आषाढात त्यांतला एक मुलगा पावसात घसरला. मांडीचे हाड मोडले. माझ्याच शिशुवर्गात शिकलेला. 'ळ' म्हणता येत नसे म्हणून माझ्या पदरात तोंड लपवणारा. मी भेटायला गेले तेव्हा त्याच्या आईने पिशवीतून कागद काढला. कलम 7. "बाई, यात काय लिहिलंय ते वाचून दाखवता का?" मी माझीच अक्षरे वाचून दाखवली.

आता मी मॅट्रिक. आजकाल दहावी म्हणतात, पण आमच्या घरी अजून मॅट्रिकच. कायदा मी शिकले नाही. तरी त्या दिवसापासून वाचते आहे, ओळखीच्या वकिलांना छळते आहे, आणि जे कळले त्याने संताप वाढलाच आहे. कारण हे दुखणे नवे नाही. माझी आई सिन्नरला विड्या वळायची. कंत्राटदार पाने आणि तंबाखू मोजून द्यायचा, संध्याकाळी विड्या मोजून घ्यायचा, आणि त्यांतल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत. विड्या मात्र परत मिळत नसत. कारखानदाराला विचारले तर तो म्हणे, ही बाई आमची नव्हेच. कंत्राटदार म्हणे, मी कुठला मालक, मी तर मधला माणूस. आईच्या मांडीवरचे सूप तेवढे खरे होते.

ही विडी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. 1958 साली मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात न्यायालयाने ठरवले, की विड्या पुरवणारे सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार, कारखान्याचे कामगार नव्हेत. 1961 साली नागपूरच्या प्रकरणात ठरले, की कारखान्यात येऊन नगावर विड्या वळणारे लोक कामगारच. ते हवे तेव्हा येत-जात, तरी खराब विडी नाकारण्याचा हक्क मालकाकडे होता. आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका विडी कामगाराबाबत बहुमताचा कौल उलट पडला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तेव्हा वेगळे मत नोंदवले. विडी तीच, बोटे तशीच, निकाल मात्र तीन. अखेर 1966 साली संसदेने विडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला आणि घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्यात घेतले. तेव्हा कुठे आईसारख्यांना नाव मिळाले.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो शिंप्यांचा खटला. 1973 चा, आंध्र प्रदेशातला. तिथल्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली प्रश्न निघाला, की कपड्यामागे पैसे घेणारे शिंपी दुकानाचे नोकर की स्वतंत्र कारागीर? दिवाळीच्या तोंडावर आपण सगळेच शिंप्याच्या दारी खेटे घालतो, म्हणून जरा सावकाश सांगते. त्यांना पगार नव्हता. काही जण कापड घरी नेऊन शिवत. दुकानदार म्हणाला, हे कसले नोकर? न्यायालयाने पाहिले ते निराळेच. यंत्रे कोणाची? दुकानाची. शिवण बिघडली तर परत उसवून शिवायला कोण लावतो? दुकानदार. नाही शिवली तर पुढचे काम कोण बंद करतो? दुकानदारच. मग ते नोकर. कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा दोरी कोणाच्या हातात आहे, हे पाहायचे. 1978 साली केरळातल्या दोर वळणाऱ्या कामगारांच्या बाबतीत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणखी पुढची पायरी गाठली: मध्ये कितीही कंत्राटदार उभे करा, ज्याच्या हाती कामगाराची भाकरी आहे तोच खरा मालक.

आणि अपघाताचे म्हणाल, तर 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यातच लिहून ठेवले होते, की कामगाराने हक्क सोडल्याची सही केली तरी ती सही रद्दबातल. गोऱ्या साहेबाच्या राज्यात जे कळत होते, ते माझ्या कलम 7 ला कळले नाही!

भाऊजींचे म्हणणे मी लपवीत नाही. ते म्हणतात, "वहिनी, मोठ्या कंपन्या हेच करतात. आणि मुलांनाच मोकळीक हवी असते." पहिले खरे आहे. मोठ्यांसाठी तर 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगार' अशी पाटीच रंगवली. मालक-नोकर नात्याबाहेरचा माणूस म्हणून त्याची व्याख्या केली, त्याच्यासाठी निधीची तरतूदही केली, आणि 2025 च्या नोव्हेंबरात ती संहिता अमलात आली. निधीला माझा विरोध नाही. पण नाते आहे की नाही हे ठरवायच्या आधीच 'नात्याबाहेरचा' म्हणून टाकायचे, याला काय म्हणावे? आणि मोकळीक म्हणाल, तर खाड्याला 200 रुपये पडतात तिला मोकळीक कोणी म्हणू नये.

स्वतंत्र माणसाशी करार करूच नये असे मी म्हणत नाही. गेल्या महिन्यात आमचे घर रंगवले. रंगारी स्वतःच्या शिड्या, स्वतःची दोन माणसे घेऊन आला. भाव त्याने सांगितला, मी घासाघीस केली. मधले चार दिवस तो दुसरीकडे होता आणि मला जळफळण्यापलीकडे काही करता आले नाही. तो स्वतंत्र. त्याचा कागद लिहायचा तर काम, रक्कम, मुदत, बिघाड झाला तर कोण निस्तरणार, एवढे पुरे. त्यात हजेरी, सदरा, दंड आणि 'दुसऱ्याचे काम करू नये' हे शब्द यायचे कारणच नाही. ते यावेसे वाटले, की लिहिणाऱ्याने लेखणी खाली ठेवावी आणि नेमणुकीचे पत्र लिहायला घ्यावे. आपल्याच महाराष्ट्राने 1969 साली माथाडी हमालांसाठी कायदा करून मंडळे नेमली. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर ओझी वाहणाऱ्या माणसाचा मालक कोण, हा गुंता सुटेना, तेव्हा व्यापाऱ्यांनी मंडळाकडे नोंद करावी, मजुरी मंडळात भरावी, मंडळाने ती हमालाला द्यावी अशी रीत घातली. म्हणजे मनात असले की वाट निघते.

तुम्ही विचाराल, बाई, तुमचे काय? माझे असे, की आमच्या शाळेत मी 11 महिन्यांच्या कागदावर 'मानद मार्गदर्शिका' आहे. हजेरीपटावर सही रोज करते, मानधन उन्हाळ्यात बंद. दर जूनला नवा कागद येतो आणि मी तो न वाचता सही करून देते. यंदा वाचला. त्यातही 'स्वखुशीने' आहे. मुख्याध्यापिकांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही इतकी वर्षे आहात, तुम्हाला कोण काढतंय?" मी सही केली. घरभाडे होते. त्या मुलाच्या घरीही ते असणारच.

भाऊजींसाठी अर्ध्या पानाचे नवे पत्र लिहिले आहे. त्यात मुलगा नोकर आहे, रजा आहे, विम्याचा हप्ता दुकानाचा आहे आणि पायाच्या खर्चाचा आकडा वेगळा घातला आहे. विशेषणे एकही नाहीत. त्यांना निरोप धाडला तर म्हणाले, दिवाळीत बघू. भाऊबीजेला ते ओवाळून घ्यायला आत्याबाईंकडे जाताना आमच्याकडे थांबतात. पत्र फराळाच्या ताटाखाली ठेवणार आहे.