तकदीर नव्हे, उघडा पट्टा

यंत्रमागाच्या कारखान्यात एखाद्याचा हात पट्ट्यात सापडला की मोहल्ल्यात पहिला शब्द ऐकू येतो 'तकदीर', आणि दुसरा 'सब्र'. मग वर्गणी जमते, मालक जकातीतून काही रक्कम देतो आणि त्याच उघड्या पट्ट्याजवळ दुसरा माणूस कामाला लागतो. याला तकदीर म्हणणे मला मान्य नाही. पट्ट्यावर जाळी बसवायची राहिली, एवढेच त्याचे कारण आहे.

भिवंडी आणि मालेगावात माग चालवणारा मुसलमान आहे आणि बहुतेक वेळा मागाचा मालकही मुसलमानच आहे. आपले मजूर छोट्या कारखान्यांत आणि घरगुती उद्योगांत किती मोठ्या प्रमाणात आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले. सरकारकडे न्याय मागताना आपण त्या अहवालाचा हवाला देतो. मग आपल्याच शेडमध्ये काय चालले आहे, हेही पाहायला हवे.

तिथल्या उणिवा कुणालाही दिसतील अशा असतात. मोटर आणि मागामधला पट्टा उघडा असतो. धोटा उडून डोळ्याला लागू नये म्हणून लावायची आड काढून ठेवलेली असते. मोटरवर आणि स्टार्टरवर तेलात भिजलेल्या कापसाच्या धुळीचा थर साचलेला असतो, एक ठिणगी पडली तरी पेटेल असा. बाहेर पडायच्या वाटेवर बीम आणि तागे रचलेले असतात. कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे; जुन्या धोट्याच्या मागांचा आवाज ती सहज ओलांडतो. कान हळूहळू जातात, म्हणून त्याला कुणी अपघात म्हणत नाही.

कामगार निष्काळजी असतात, असे मालक म्हणतात. पण कामगाराची मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. माग थांबवून साफ केला, तर तेवढा वेळ त्याच्या खिशातून जातो. त्यामुळे तो चालत्या मागाला तेल देतो आणि चालता मागच पुसतो. दर मीटरवर असेल तर घाई ही त्या दरातच धरलेली असते. शिकवण्याचेही तेच. नवा पोरगा उस्तादच्या बाजूला उभा राहून शिकतो, आणि उस्ताद चालत्या मागात हात घालत असेल तर पोरगाही तेच शिकतो.

कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानेच यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण सक्तीचे केले, आणि चालत्या यंत्राजवळचे काम फक्त खास शिकवलेल्या, अंगाबरोबर कपडे घातलेल्या प्रौढ माणसाने करावे असे सांगितले. पण या कायद्यासाठी वीज वापरणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार लागत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती संख्या वीस केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही ती वीसच आहे. आपले कितीतरी कारखाने या रेषेखाली आहेत, आणि काही तर एकच शेड चार नावांवर दाखवून मुद्दाम खाली राहतात. तिथे इन्स्पेक्टर येणार नाही. जे करायचे ते आपल्यालाच करावे लागेल.

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. मग गुरुवारी पाळी संपण्याआधी दोन तास मेन स्विच बंद करून साफसफाई, तेलपाणी आणि पट्टे-वायरिंगची पाहणी का होऊ नये? त्या दोन तासांची मजुरी मालकाने द्यावी, सगळे त्यावरच अवलंबून आहे. नव्या माणसाला पहिला आठवडा ठरावीक रोजावर घ्यावे आणि माग कसा थांबवायचा, हे आधी शिकवावे. जाळी काढायला लावणाऱ्या मुकादमाला जाब विचारावा. कारण कामगाराने संरक्षक साधन जाणूनबुजून काढले, असे दाखवून मालक अनेकदा भरपाई नाकारू शकतो; १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातच ती पळवाट होती. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तरच ती चालत नसे. जाळी कुणी काढायला लावली, हे मात्र कागदावर कधी येत नाही.

खर्च परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. सूत महाग, वीज महाग, कापडाला भाव नाही. पण १८ मे २०२५ रोजी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली, तेव्हा आठ जण गेले. त्यात मजूर होते, तसेच तिथेच राहणारे मालक आणि त्यांच्या घरातली माणसेही होती. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणे हे मालकाच्या मुलाबाळांसाठीही तितकेच गरजेचे आहे.

आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही हदीस आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हेही आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. त्याच खुतब्यात पट्ट्याच्या जाळीचा विषय निघाला तर मला आनंद होईल. हात गमावलेल्या माणसाला दिलेली जकात म्हणजे त्याची भरपाई नव्हे. भरपाई त्याचा हक्क आहे, आणि हात शाबूत राहणे हा त्याही आधीचा हक्क आहे.