चढलेली पायरी, पण कागदावरची



अमेरिकेत स्थायिक झालेली आपली बरीच मंडळी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, काही तर तो ओलांडूनही गेली. अशा वयात कोणी 'गॅरंटी' म्हटलं की धीर येतो, आणि सही लवकर होते. म्हणून या खेपेस व्हेरिएबल ॲन्युइटीमधला 'स्टेप-अप' म्हणजे काय, ते आम्ही साध्या हिशेबाने सांगणार आहोत.

तहहयात उत्पन्नाचा रायडर घेतला की करारात दोन आकडे येतात. पहिला अकाउंट व्हॅल्यू, म्हणजे तुमचे खरे पैसे. ते फंडांत असतात, बाजाराबरोबर वरखाली होतात. दुसरा बेनिफिट बेस. वर्षाला किती मिळणार ते यावरून ठरतं, पण ही रक्कम रोख मागता येत नाही. हत्तीचे खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे, तसंच हे.

समजा, तुम्ही १ लाख डॉलर भरले. वर्षाने खातं १,०८,००० वर गेलं, तर बेसही १,०८,००० होतो. हाच स्टेप-अप. पुढे बाजार पडून खातं ९५,००० वर आलं, तरी बेस उतरत नाही. करारात ६५ व्या वर्षी ५ टक्के लिहिले असतील, तर वर्षाला ५,४०० डॉलर मिळणार. खातं रिकामं झालं तरी तुम्ही हयात असेपर्यंत. २००८ साली अमेरिकेचा शेअरबाजार एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घसरला, तेव्हा ज्यांचा बेस आधीच चढलेला होता त्यांना या कलमाची किंमत कळली.

आता दुसरी बाजू पाहू. रायडरची फी बहुधा बेसवर लागते आणि कापली जाते खऱ्या खात्यातून. फी १ टक्का धरली तर खातं ९५,००० असताना १,०८० डॉलर जातात. विम्याचा आणि फंडांचा खर्च निराळा. सगळं मिळून ३ टक्क्यांच्या आसपास जाणं नवलाचं नाही. वर तुम्ही ५ टक्के काढू लागलात की खातं जागच्या जागी ठेवायलाच ८ टक्के कमाई हवी. म्हणून उत्पन्न सुरू झाल्यावर पुढची पायरी क्वचितच चढते. मग महागाई वाढली तरी ते ५,४०० तेवढेच राहतात.

'दरवर्षी ५ टक्के वाढ' असंही सांगतात. तो रोल-अप. पैसे न काढता थांबलात, तर ठरावीक वर्षं बेस वाढतो. हे बँकेचं व्याज नव्हे.

सगळ्यात मोठा धोका जास्त पैसे काढण्याचा. समजा, यंदाचे ५,४०० घेतल्यावर खात्यात ६०,००० उरले. लग्नकार्यासाठी म्हणून तुम्ही आणखी १५,००० काढले. ही खात्याची चौथाई झाली, म्हणून बेसही साधारणतः चौथाईने घटतो: १,०८,००० चे ८१,०००. उत्पन्न ५,४०० वरून ४,०५० वर. दरसाल १,३५० डॉलर कायमचे गेले! शिवाय पहिल्या काही वर्षांत सरेंडर चार्ज लागू शकतो, तो वेगळाच.

तेव्हा सही करण्याआधी एवढं विचारा: स्टेप-अप वर्षातून कितीदा बघतात? तो झाला की फी वाढवायचा हक्क कंपनीला आहे का? पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत घेतलं तर टक्के किती कमी होतात? मागे राहणाऱ्यांना काय मिळेल? उत्तरं तोंडी नकोत, करारातलं कलम दाखवायला सांगा. आणि सही झालीच असेल, तर बहुतेक राज्यांत करार हाती आल्यापासून निदान १० दिवस तो परत करता येतो. ते दिवस वाया घालवू नका.

ज्याला दुसरं पेन्शन नाही आणि पैसा आयुष्याला पुरेल का ही धास्ती आहे, त्याला हा आधार खरोखर उपयोगी पडू शकतो. फक्त गॅरंटी उत्पन्नाची आहे, पुंजीची नव्हे, हे समजून घ्यावं आणि मुलाबाळांनाही सांगून ठेवावं.