जाळ्याच्या चित्राला पुरावा हवा

निद्रानाश, दुःस्वप्ने, चिडचिड अशी लक्षणे बिंदूंनी दाखवायची, त्यांच्यातले सांख्यिकीय संबंध रेघांनी जोडायचे आणि संबंध जितका घट्ट तितकी रेघ जाड काढायची. मानसशास्त्रातली ही जाळी आता सर्रास छापली जातात. ती देखणी असतात, म्हणून वाचक त्यांच्यावर पटकन विश्वास टाकतो. पण रेघ खरोखरच जाड आहे, की याच नमुन्यात ती तशी उमटली? चित्र याचे उत्तर देत नाही.

ते उत्तर मिळावे म्हणून साशा एप्सकॅम्प, डेनी बोर्सबूम आणि आयको फ्रीड यांनी 'आर' या संगणकीय भाषेतील 'बूटनेट' पॅकेजची पद्धत २०१८च्या लेखात समजावून दिली. तिचा पाया ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेला बूटस्ट्रॅप. हाती असलेल्या नोंदींतूनच, काढलेली नोंद परत टाकत, तेवढ्याच आकाराचे नवे नमुने हजारदा काढायचे आणि दर वेळी जाळे नव्याने बांधायचे. मग 'प्लॉट' ही आज्ञा दिली की प्रत्येक रेघेचे मूळ मूल्य आणि त्याभोवती राखाडी पट्टा दिसतो. पट्टा रुंद, तर अंदाज डळमळीत. सतरा लक्षणांच्या जाळ्यात १३६ रेघा संभवतात. सगळ्यांची नावे छापली तर काहीच वाचता येत नाही, म्हणून नावे गाळून रेघा मूल्यांच्या क्रमाने लावाव्यात.

वाचनात मात्र घाई नको. अशी जाळी बांधताना बहुधा वापरल्या जाणाऱ्या लॅसो पद्धतीत किरकोळ संबंध आधीच शून्यावर आणलेले असतात. त्यामुळे पट्टा शून्याला शिवला एवढ्यावरून रेघ खोटी ठरत नाही. दोन पट्टे एकमेकांवर आले म्हणून दोन रेघा समान आहेत, असेही नाही. त्यासाठी फरकाचा वेगळा आलेख काढावा लागतो.

'मध्यवर्ती लक्षण' ठरवताना तर जास्तच जपायला हवे, कारण उपचार कुठून सुरू करावा याची चर्चा त्यावरून होते. इथे नोंदी टप्प्याटप्प्याने गाळून लक्षणांचा मध्यवर्तीपणाचा क्रम टिकतो का, ते पाहतात. नोंदींचा किती हिस्सा गाळला तरी क्रम बराचसा टिकतो, हे सांगणारा स्थैर्य गुणांक ०.२५ च्या खाली नसावा, शक्यतो ०.५ च्या वर असावा. लेखकांनी आघातोत्तर तणावाच्या ३५९ स्त्री-रुग्णांवर तो तपासला, तेव्हा मध्यस्थतेच्या, म्हणजे एखादे लक्षण इतर लक्षणांना जोडणाऱ्या वाटांवर किती वेळा येते याच्या, मापाला जेमतेम ०.०५ मिळाले. या स्त्रियांबाबत त्या मापावरून कोणतेही लक्षण मध्यवर्ती म्हणता येत नाही, हे त्यांनी आपल्याच उदाहरणातून दाखवले.

नियतकालिकांच्या संपादकांनी आणि प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी जाळ्याच्या चित्रासोबत हे आलेख मागितलेच पाहिजेत.