औरंगाबादचे मौदूदी आणि मीरा रोडचा मुसलमान



२१ जानेवारी २०२४ च्या रात्री मीरा रोडच्या मुस्लिमबहुल नया नगरमध्ये हाणामारी झाली. तेव्हापासून मीरा-भाईंदरमध्ये एक विधान फार सहज केले जाते: राजकीय इस्लाम चौदाशे वर्षे जुना आहे, तो प्रत्येक मुसलमानाच्या रक्तातच असतो, मग डावे-उजवे करायचे कशाला? इतिहास याला दुजोरा देत नाही. राज्यसत्ता हस्तगत करणे हाच धर्माचा गाभा मानणाऱ्या विचारसरणीचे एक प्रमुख शिल्पकार अबुल आला मौदूदी १९०३ साली आपल्याच औरंगाबादेत, एका वकिलाच्या घरी जन्मले. पेशाने ते पत्रकार. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली आणि तिच्यासाठी इथे चाललेली चळवळ पोरकी झाली. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत आर्य समाजाच्या स्वामी श्रद्धानंदांचा एका मुसलमानाने खून केला, आणि इस्लामवर टीकेची झोड उठली. तेव्हा ‘अल-जमियत’ या वृत्तपत्राचे संपादक असलेल्या मौदूदींनी त्या टीकेला उत्तर म्हणून जिहादवर लेखमाला लिहिली. पुढे १९४१ मध्ये लाहोरला पंचाहत्तर जणांना घेऊन त्यांनी जमात-ए-इस्लामी स्थापन केली. ही सगळी घडामोड वर्तमानपत्रांच्या, पक्षांच्या आणि मतपेट्यांच्या काळातली आहे.

यावर आक्षेप येईल की मौदूदी तर कुराणाचेच दाखले देत होते, मग विचार नवा कसा? दाखले जुने, मांडणी मात्र विसाव्या शतकातली. सार्वभौमत्व फक्त ईश्वराचे, धर्म म्हणजे संपूर्ण जीवनव्यवस्था आणि ती आणण्यासाठी निवडक, शिस्तबद्ध कार्यकर्त्यांची संघटना, हा आराखडा त्या काळच्या युरोपातल्या पक्षांशी मिळताजुळता आहे. जीवनाची सर्व क्षेत्रे व्यापणारे आपले इस्लामी राज्य एका अर्थी फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राज्यांसारखे असेल, असे १९३९ च्या लाहोरच्या व्याख्यानात ते स्वतःच म्हणाले होते. इजिप्तच्या सय्यद कुत्बने याच मांडणीतून ‘जाहिलिया’ (इस्लामपूर्व अज्ञानाची अवस्था) आणि ईश्वरी सत्ता या कल्पना उचलून अधिक जहाल केल्या. उलट देवबंदचे हुसेन अहमद मदनी हिंदू-मुसलमान मिळून एक राष्ट्र होते, असे धर्मग्रंथांच्याच आधारे सांगत होते, आणि मौदूदींनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. जे रक्तातच असते, त्यावरून एवढे मोठे आलिम आपसांत कशाला भांडतील? पाकिस्तानातही १९७० च्या निवडणुकीत, तीनशे जागांच्या राष्ट्रीय सभेत, मौदूदींच्या पक्षाला फक्त चार जागा मिळाल्या.

दुसरा आक्षेप आमच्या पुरोगामी मित्रांचा: ही मांडणी केवळ वसाहतवादाची प्रतिक्रिया, धर्माशी तिचा संबंध नाही. हेही पटत नाही. प्रतिक्रिया तर मदनींचीही होती. ती त्यांना स्वातंत्र्यलढ्यात घेऊन गेली. मौदूदींनी निवड केली, आणि निवडीची जबाबदारी असते. हे मराठीत कोणी रोखठोक मांडले असेल तर चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांसह तोंडी तलाकविरोधी मोर्चा काढणारा हा माणूस जमातच्या राजकारणावर घणाघाती लिहीत राहिला, १९७० मध्ये त्याने पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभारले. त्याच्या पाठीशी ना मुस्लिम पुढारी उभे राहिले ना, दोन-चार अपवाद सोडता, सेक्युलर म्हणवणारे. सगळे मुसलमान सारखेच मानले की दलवाईंना जागाच उरत नाही, आणि मौदूदींना नेमके तेच हवे होते.

पंजाबातील अहमदियाविरोधी दंगलींनंतर पाकिस्तानच्या मुनीर आयोगाने मौदूदींना विचारले होते: तुम्ही इथे इस्लामी राज्य आणल्यावर हिंदूंना त्यांच्या धर्मावर आधारलेली राज्यघटना करू द्याल का? अवश्य, त्या राज्यात भारतातल्या मुसलमानांना मनुस्मृतीप्रमाणे शूद्र आणि म्लेच्छ ठरवून वागवले तरी माझी हरकत नसेल, असे त्यांनी सांगितले. नया नगरच्या रहिवाशाला मौदूदींचा वारस ठरवणाऱ्यांनी १९५४ च्या अहवालातली ही साक्ष जरूर वाचावी.

— एक वाचक, भाईंदर (पूर्व)