उसवलेल्या लोकरीचा रकाना

माझ्या भाचीने मागच्या पंधरवड्यात तिच्या ब्लॉगवर लिहिलं आहे, की विणकामाचं अ‍ॅप फोनवर घेतल्यापासून तिचं सगळं विणकाम मार्गी लागलं, आणि आमच्या पिढीने इतकी वर्षं वह्या-चिठोऱ्यांवर कसं निभावलं याचं तिला नवल वाटतं. लेख छान आहे, भाषा स्वच्छ आहे (माझ्याच हाताखाली शिकली, सांगायला नको). मुद्दा मात्र मला अजिबात पटलेला नाही. फोनवर भांडण्यापेक्षा इथेच लिहिते, म्हणजे बाकीच्या नातेवाइकांनाही आपापली बाजू घेता येईल.

आधी तिचं खरं आहे तेवढं मान्य करते. ओळी मोजायला अ‍ॅप उत्तम. आम्ही कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने रेघा ओढायचो. मध्येच कुकरची शिट्टी झाली की सदतिसावी ओळ का अडतिसावी, हा घोळ ठरलेला. आता पडद्यावर एक टिचकी मारली की आकडा पुढे सरकतो. मीही वापरते. पण ओळी मोजणं वेगळं आणि विणकाम ‘ऑर्गनाइझ’ करणं वेगळं.

आता सुयांचं बघा. आपल्याकडे दुकानात अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबरांत उलट, नंबर वाढला की सुई जाड. आपली १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, त्यांची १० नंबरची चक्क ६ मिलिमीटरची! अ‍ॅपवरचे बरेचसे नमुने अमेरिकेतले. मिलिमीटरही दिलेले असतात, हे भाची लगेच सांगेल. असतात. पण नवशिकी मुलगी नंबरच बघते, आणि तान्ह्या बाळाच्या टोपड्याची टोपली होते. लोकरीचंही तेच. आपण तीन प्लाय, चार प्लाय म्हणतो. तिथे ‘वर्स्टेड’ आणि ‘फिंगरिंग’.

बरं, हा हिशेब अ‍ॅप करून देतं म्हणे. माझा खरा राग त्यावरच आहे. छातीचा घेर २४ इंच, आपल्या हाताने एका इंचात ६ टाके बसतात, म्हणजे एकूण १४४ आणि पुढच्या भागाला ७२. सातवीतल्या मुलाला येणारं त्रैराशिक आहे हे. पण त्यातले ते ६ टाके कुणाचे? तुमच्या हाताचे. घट्ट विणणारीचे ७ होतात, सैल हाताचे ५. चार बोटांचा तुकडा आधी विणून, पट्टी ठेवून मोजल्याशिवाय ते कळत नाही, आणि हे कोणतंही अ‍ॅप तुमच्यासाठी करत नाही. उरला गुणाकार. तेवढाही जर दुसऱ्याकडून करून घ्यायचा, तर आपण नुसत्या सुया हलवणाऱ्या उरलो.

या सगळ्या प्रकाराचं माहेर म्हणजे रॅव्हलरी नावाची वेबसाईट. २००७ साली अमेरिकेत जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स या जोडप्याने सुरू केली. काम मोठं आहे, शंका नाही. तिथे प्रत्येक कामावर एक शिक्का असतो: चालू, पूर्ण, झोपलेलं, आणि चौथा ‘फ्रॉग्ड’. म्हणजे उसवलेलं! उसवणं म्हणजे इंग्रजीत ‘रिप इट’, ते भराभर म्हटलं की बेडकाच्या डरावासारखं ऐकू येतं, म्हणून बेडूक. शब्द गमतीचा आहे, मला आवडला. पण भाची लिहिते, की तिच्या यादीत फ्रॉग्ड कामं दिसली की तिला अपराधी वाटतं. इथे माझं बिनसलं.

अगं, उसवणं हा आपल्याकडे विणकामाचा निम्मा भाग होता! १९७८ मध्ये यांच्यासाठी विणलेला निळा स्वेटर १९८६ मध्ये लेकाच्या शाळेचा झाला. आधी शिवण उसवायची, मग टाके बंद केले त्या टोकाकडून धागा ओढत जायचं, खुर्चीच्या पाठीवर लडी घालायची, कोमट पाण्यात धुवायची आणि ओली असतानाच खाली वजन टांगून वाळवायची, म्हणजे धाग्याच्या वळ्या जातात. मग गुंडा. तीच लोकर पुढे नातीच्या पांघरुणात पट्टा होऊन गेली. याला कुठला शिक्का मारणार? पूर्ण की उसवलेलं?

‘स्टॅश’चीही तीच कथा. घरातल्या लोकरीचे फोटो काढून यादी ठेवायची. ठेवा. पण आमच्या बोळिंजची हवा कशी दमट आहे ते इकडच्या मंडळींना माहीत आहे. कसर लागते ती कपाटातल्या लोकरीला, फोटोतल्या नाही. पावसाळा संपला की गुंडे उन्हात काढून हाताने उलटसुलट करावेच लागतात, आणि तेव्हा आपल्याकडे काय आहे ते आपोआप कळतं.

आणि शेवटी, लिहिलेलं राहतं कुणाकडे? आमच्या शेजारणीच्या मुलीने सात वर्षं एका अ‍ॅपमध्ये नोंदी ठेवल्या. अ‍ॅप बंद पडलं, नोंदी गेल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई २०१६ मध्ये गेल्या. त्यांची बाळंतविड्यांची वही आहे. सुलट, उलट, जाळी, वेणी, साबुदाण्याची वीण, सगळं मराठीत. एका पानावर टोपड्याचे टाके लिहून खाली: “थोरलीच्या मुलाला घट्ट झालं. डोकं मोठं, बापावर गेलाय. आठ टाके वाढवावेत.” त्यांची सून आता न्यू जर्सीत आहे. तिने मागच्या वर्षी त्या पानाचा फोटो मागवून घेतला आणि आठ टाके वाढवून टोपडं विणलं. बरोब्बर बसलं.

अशी पुस्तकं मराठीत फार नाहीत. हे ज्ञान बायकांच्या हातात आणि असल्या वह्यांत राहिलं. ते आता इंग्रजी रकान्यांत भरायचं, आणि तेही परक्याच्या दुकानात, हे मला चालणार नाही.

भाचीकडे मार्चमध्ये बाळंतविडा द्यायचा आहे, तिच्या नणंदेसाठी. अ‍ॅपमध्ये तिने खुशाल लिहावं. पण सुईचा नंबर, टाके, लोकरीच्या रंगाचा लॉट नंबर आणि कुणाला काय घट्ट-सैल झालं, एवढं मराठीत कागदावरही उतरवावं. वही माझ्याकडून. शंभर पानी, आडव्या रेघांची, कालच नाक्यावरून आणून ठेवली आहे.