पुरवठादाराचे देयक
कर्जाचा हप्ता थकताच आपण कर्जदाराकडे विचारणा करतो. परंतु शाखांसाठी पावतीपुस्तके छापणाऱ्या नोंदणीकृत लघुउद्योजकाचे देयक आपल्याच टेबलावर स्वाक्षरीवाचून पडून राहिले, तर त्याने कोणाकडे दाद मागावी? सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार माल स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय ठरते. तथापि पुढचे काम हातचे जाईल या भीतीने तो ते बहुधा मागत नाही. म्हणूनच माल स्वीकारल्याची तारीख प्रत्येक कार्यालयाने त्याच दिवशी देयकावर नोंदवावी आणि अखेरच्या दिवसाची वाट न पाहता रक्कम अदा करावी. त्यालाही कोणत्या तरी बँकेचा हप्ता वेळेवर भरावयाचा असतो.