सही कोणाची, कागद कोणाचा?



गार्डन रीचला हुगळीच्या काठी दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. जुन्या बी.एन.आर.चे, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेचे, हेच ठाणे. कंपनीच्या नावातच नागपूर होते, त्यामुळे आपल्या माणसांचा या जागेशी संबंध फार जुना. १ एप्रिल २००३ रोजी नागपूर विभाग बिलासपूरच्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेला. तोपर्यंत इतवारी, तुमसर, गोंदियाच्या कर्मचाऱ्याचे वरचे प्रकरण येथेच येत असे. बरीच मंडळी तेव्हा बिलासपूरला गेली. आमच्यासारखे थोडे येथेच राहिले.

मध्यंतरी ऑफिस सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही मातीच्या भांड्यातला चहा घेत होतो. नागपूरकडचा एक तरुण कर्मचारी फोन घेऊन आला. पुढचा राष्ट्रपती कोण व्हावा याविषयीचा मजकूर त्यावर होता. एकाची आरती, दुसऱ्याच्या घरच्या भानगडी, आणि शेवटी ‘सहमत असाल तर दहा जणांना पाठवा’.

“काका, तुम्ही पण पाठवा ना,” तो म्हणाला.

“हे लिहिलं कोणी?” आम्ही विचारले.

“काय माहीत. ग्रुपवर आलं.”

हे उत्तर आमच्या मनातून गेले नाही, म्हणून हा लेख.

राष्ट्रपती म्हणजे शोभेचे पद, त्याच्याशी आपल्याला काय देणेघेणे, असे अनेकजण म्हणतात. आमचे मत तसे नाही. घटनेच्या कलम ३१० प्रमाणे केंद्र सरकारचा कर्मचारी राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत नोकरीत असतो. रेल्वेचा ठेका असो वा करारनामा, त्यावर ‘भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने’ असे शब्द असतात. जुलै १९६० चा आणि १९ सप्टेंबर १९६८ चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप आठवा. दोन्ही वेळा अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम निघाला, आणि वटहुकूम राष्ट्रपतींच्या सहीनेच निघतो. २०१९ आणि २०२० साली ज्या चार श्रमसंहिता झाल्या, त्यांचाही कायदा झाला तो राष्ट्रपतींच्या सहीने.

सही झाली नाही तर काय होते, हे टपाल खात्यातल्या बंधूंना ठाऊक असेल. १९८६ साली संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. लोकांची पत्रे अडवून उघडण्याचा सरकारचा अधिकार त्यात फार वाढविला होता. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. १९८७ साली ते पदावरून गेले तेव्हा कागद तसाच पडून होता. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी १९९० साली ते फेरविचारासाठी परत पाठविले. ते विधेयक कायदा म्हणून कधीच आले नाही. मात्र २०२३ च्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्यात कलम ९ ने टपाल अडविण्याचा व उघडण्याचा अधिकार सरकारकडे आहेच, आणि त्या कायद्यावर सही झालेली आहे. सहीची किंमत ही अशी असते.

आता प्रचाराकडे येऊ. हा रोग फोनाबरोबर आला असे कोणी समजू नये. गार्डन रीचच्या माणसाने १९६९ आठवावे. व्ही. व्ही. गिरी हे आपल्याच रेल्वेचे पुढारी. १९२० च्या दशकात त्यांनी बी.एन.आर.च्या कामगारांची संघटना बांधली, कपातीविरुद्ध लढा दिला. ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या उभारणीत त्यांचा हात होता. १९२६ साली ते आयटकचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात श्रममंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने बदल केला म्हणून १९५४ साली त्यांनी मंत्रिपद सोडले.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. गिरी अपक्ष उभे राहिले. तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख, ज्यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी ते आकाशवाणीवरून देशाला सांगितले. पुढे आपल्याच पक्षाच्या आमदार-खासदारांना त्यांनी सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्या असे सांगितले. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले.

याच निवडणुकीत रेड्डींच्या खासगी चारित्र्याविषयी एक घाणेरडे निनावी पत्रक निघाले. ते संसदेच्या सेंट्रल हॉलपर्यंत पोहोचले. निवडणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले, आणि १९७० साली पदावर असलेले राष्ट्रपती गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यावयास गेले. पत्रक त्यांनी वा त्यांच्या संमतीने काढले हे सिद्ध झाले नाही आणि अर्ज फेटाळले गेले. गिरी सुटले, पण रेड्डींवर उडालेला चिखल कोणत्या निकालाने धुतला गेला? पत्रकावर नाव नव्हते, मग जबाब कोणाला विचारणार?

आपला माणूस राष्ट्रपती भवनात गेला, म्हणून बी.एन.आर.च्या जुन्या कामगारांना आनंद झाला असेल, आणि तो रास्तच होता. परंतु मे १९७४ विसरून चालणार नाही. ८ मे ते २७ मे रेल्वेचा संप झाला. त्याआधीच जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले, क्वार्टरमधून बायकामुले बाहेर काढली गेली, नोकऱ्या गेल्या. त्या वेळी राष्ट्रपती कोण होते? व्ही. व्ही. गिरीच. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, ही घटनेची रीत. गिरींना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. भिंतीवरच्या तसबिरीने संप जिंकत नाही, तो संघटनेने जिंकतो, एवढेच ध्यानात घ्यावयाचे.

आता फोनाच्या काळातले याच कलकत्त्याचे उदाहरण. जून २०१२ मध्ये ममता बॅनर्जी यांनी फेसबुकवर डॉ. अब्दुल कलाम यांच्यासाठी जनतेला आवाहन केले. लोकांनी भराभर पसंती दर्शविली. दोनच दिवसांत, १८ जूनला, कलामसाहेबांनी आपण उभे राहणार नाही असे जाहीर केले. जुलैत बंगालचेच प्रणव मुखर्जी निवडून आले, आणि ज्यांनी आवाहन केले होते त्यांच्या पक्षानेही अखेर मते मुखर्जींनाच दिली. ममताजींचे आवाहन स्वतःच्या नावाने होते, ही त्यातली चांगली गोष्ट. पण हाताचे अंगठे कितीही उठले तरी ते मोजणार कोण? या निवडणुकीत तुम्हांआम्हांला मतच नाही. २०२२ साली श्रीमती द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांच्यात निवडणूक झाली तेव्हा देशभरात मतदार होते अवघे ४,८०९, म्हणजे ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार. खासदाराच्या मताचे मूल्य ७००, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५, बंगालच्या आमदाराचे १५१. मुर्मूताई मयूरभंजच्या, जेथे आमच्याच रेल्वेचे रायरंगपूर स्टेशन आहे. त्यांना ६,७६,८०३ आणि सिन्हांना ३,८०,१७७ मते पडली. टीव्हीवर महिनाभर आरडाओरडा चालला. एका तरी वाहिनीने उमेदवारांना विचारले काय, की कामगारांविरुद्धचा वटहुकूम समोर आला तर तुम्ही काय कराल? आमच्या पाहण्यात तरी आले नाही.

येथे आम्हांला आमचीही चूक सांगितली पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वेत युनियनच्या मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. त्या धामधुमीत समोरच्या युनियनच्या एका कार्यकर्त्याने वेल्फेअरच्या पैशात हात मारला, असा मजकूर आमच्या फोनवर आला. मतदान तोंडावर होते. आम्ही शहानिशा न करता तो पुढे पाठविला. संध्याकाळपर्यंत कळले की ती शुद्ध थाप होती. त्या माणसाची मुलगी त्याच कॉलनीतल्या शाळेत शिकते आणि तिच्या मैत्रिणींच्या घरीही तो मजकूर पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या सहीने माफीचा कागद नोटीस बोर्डावर लावला आणि त्याच्या क्वार्टरवर जाऊन हात जोडले. त्याने चहा दिला, पण तो बोलला नाही. बोर्डावरचा कागद पन्नास जणांनी वाचला असेल. थाप किती जणांनी वाचली, ते कोणीच सांगू शकणार नाही.

टपालातले बंधू हे आमच्यापेक्षा चांगले जाणतात. साध्या पाकिटावरही कोणत्या ऑफिसातून निघाले त्याचा शिक्का असतो, रजिस्टरला तर पाठविणाऱ्याचे नाव-पत्ताच लागत असे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव छापलेच पाहिजे, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७-अ सांगते. फोनवरच्या मजकुरात लिहिणाऱ्याचे नाव नसते, पण पाठविणाऱ्याचे असते, आणि ते तुमचे असते! रेल्वेचे १९६६ चे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे आचरण नियम राजकीय प्रचारात भाग घेण्यास मनाई करतात. उद्या चार्जशीट आली तर ज्याने मजकूर तयार केला तो बचाव सहायक म्हणून यावयाचा नाही.

राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची. २०२२ नंतरची निवडणूक २०२७ ची. त्या वेळी काय करावे, याविषयी आमचे मत असे :

ज्यावर लिहिणाऱ्याचे नाव नाही, तो मजकूर पुढे पाठवू नये. तो आपल्या आवडत्या माणसाच्या बाजूचा असला तरी नाही.

उमेदवाराच्या जातीपेक्षा, प्रांतापेक्षा आणि घरच्या गोष्टींपेक्षा, सहीचे पेन हातात आल्यावर तो काय करील हे पाहावे.

आपल्याला मत नाही, पण ज्यांना आहे ते आमदार-खासदार आपल्या मतांवर निवडून आलेले आहेत. एकट्याने त्यांच्याकडे जाऊ नये. शाखेच्या सभेत ठराव करावा, युनियनच्या लेटरहेडवर पदाधिकाऱ्यांच्या सहीने निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. आमच्या मते पोच घेतलेले एक निवेदन हजार अंगठ्यांपेक्षा जड असते.

टपरीवरच्या त्या पोराला आम्ही एवढेच सांगितले, की खाली तुझे नाव लिहून पाठवायची तयारी असेल तर खुशाल पाठव. त्याने थोडा विचार केला आणि फोन खिशात टाकला. त्याच आठवड्यात तो शाखेच्या सभेला पहिल्यांदा आला, आणि हजेरी वहीत त्याने सही केली.

कामगार एकजुटीचा विजय असो!